क्लिक, क्लंक, फंगस!

कॅमेरा घ्यायला क्रेडिट कार्ड पुरतं. तो बिघडल्यावर मात्र जिने चढावे लागतात. हौशी फोटोग्राफीच्या एका ‘आउट ऑफ फोकस’ कोपऱ्यात मारलेली ही चक्कर...

प्रत्येक ऑफिसात एक ‘आपला फोटोग्राफर’ असतोच असतो. ॲन्युअल डे असो, कुणाचं केळवण असो, नाही तर टीमची लोणावळा पिकनिक, ‘कॅमेरा आणतोयस ना रे?’ हा मेसेज आधी त्यालाच जातो. (पिकनिकच्या एकाही फोटोत तो स्वतः नसतो, ही गोष्ट वेगळी!) कुठली बॉडी घेऊ, कुठली लेन्स घेऊ असं विचारलंत तर हा प्राणी चहा गार होईपर्यंत बोलतो. पण त्याला एकदा हळूच विचारून बघा, ‘काय रे, मागच्या पावसाळ्यानंतर लेन्स टॉर्चखाली धरून बघितलीस का?’ बोलती बंद!

कारण या छंदाचा अर्धा भाग कुणी सांगतच नाही. शोरूमवाला ईएमआय समजावतो, यूट्यूबवाला मेगापिक्सेल समजावतो. पण कॅमेरा अडतो, लेन्सला बुरशी लागते, कार्ड अचानक कोरं होतं, वर्षानुवर्षांचे फोटो ज्या सॉफ्टवेअरमध्ये लावून ठेवले तेच बंद पडतं... त्याचं काय? गेली बारा-तेरा वर्षं मी हौस म्हणून फोटो काढतेय. त्यातले निम्मे शनिवार फोटो काढण्यात गेले आणि निम्मे दुरुस्तीवाल्यांचे जिने चढण्यात. खरं सांगू? दुसरे शनिवार जास्त मजेचे होते.

जुलैचा पाहुणा

मुंबईकर फोटोग्राफरचा शत्रू नंबर एक म्हणजे फंगस. चोरी, धक्के, लोकलची गर्दी हे सगळं त्याच्या मागून. पावसाळ्यात आपल्याकडची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाऊन बसते आणि दिवसचे दिवस खाली उतरायचं नाव घेत नाही. बुरशीला ६०-६५ टक्के मिळाले तरी ती खूश! काचेवर तिला खायला काय मिळतं, असा प्रश्न पडेल. धुळीचा एखादा कण, बोटाचा तेलकट ठसा, लेन्सच्या आतल्या वंगणाचा पातळ थर. एवढ्यावर तिचा संसार थाटतो. टॉर्च मारून पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात. इतके नाजूक, की त्यांचाच फोटो काढावासा वाटतो.

गोची अशी, की ही बाई नुसती राहत नाही, घर पोखरते. वाढता वाढता ती आम्ल सोडते. ते आधी काचेवरचं कोटिंग खातं आणि मग खुद्द काच. लवकर सापडली तर पुसून निघते. उशीर झाला तर बुरशी जाते, पण तिची नक्षी कायमची राहते. सुरुवातीला फोटोत काही म्हणजे काही दिसत नाही, म्हणूनच कुणी लक्ष देत नाही. मग एके दिवशी उन्हासमोर धरून काढलेला फोटो दुधाळ येतो आणि आपण कॅमेऱ्याची सेटिंग्ज बदलत बसतो.

टेस्ट सोपी आहे. लेन्स बॉडीवरून काढा, दोन्हीकडची झाकणं काढा, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने आत डोकावा. धुळीचे चार कण दिसतीलच, ते सोडून द्या. धागे किंवा ढगासारखा डाग दिसला, तर मात्र पुढच्या शनिवारी कारागीर गाठा. स्वतः लेन्स उघडायच्या फंदात पडू नका. आतली भिंगं परत एका रेषेत बसवणं हे व्हिडिओत दिसतं तितकं सोपं नसतं.

आणि सगळ्यात धोक्याची जागा कुठली माहितेय? जुन्या कॅमेऱ्याबरोबर मिळालेलं ते देखणं चामड्याचं कव्हर! चामडं ओलावा धरून ठेवतं, वर ते कपाटात बंद, वर ते कपाट बाहेरच्या भिंतीला लागून. म्हणजे बुरशीला थ्री-स्टार सोय. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा बरा. आत सिलिका जेल आणि एक छोटं हायग्रोमीटर टाका, काटा ४० ते ५०च्या मध्ये राहिला की झालं. फार कोरडंही नको, रबर आणि वंगण कुरकुर करतं. जेल रंग बदलणारं घ्या, म्हणजे त्याचं पोट भरलं की कळतं. गरम करून सुकवलं की ते पुन्हा कामाला लागतं. लेन्स चारच्या वर गेल्या असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्यायला हरकत नाही. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला देणारी एक तरी मावशी प्रत्येक घरात असते. तिला प्रेमाने नाही म्हणा. तांदळाची पूड लेन्सच्या रिंगमध्ये शिरली की फंगस परवडली असं होतं.

ओलाव्याचा मार एकट्या लेन्सला बसत नाही. २००५ सालचा किस्सा आठवतोय का? सोनीने बनवलेले सीसीडी सेन्सर तेव्हा बऱ्याच कंपन्यांच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांत असायचे. उष्ण आणि दमट हवेत त्यांच्यातली बारीक जोडणी सुटायची. मग फोटो जांभळे, रेघारेघांचे, नाही तर थेट काळे. शेवटी कॅनन, निकॉन, फुजी, कोनिका मिनोल्टा अशा कंपन्यांनी जाहीर सूचना काढून ते कॅमेरे फुकट दुरुस्त करून दिले. आता ती सोय नाही, पण सध्या कॉलेजातल्या मंडळींना याच काळातल्या जुन्या डिजिकॅमचं वेड लागलंय. तेव्हा सेकंडहँड घेताना दुकानातच चार्ज केलेली बॅटरी घालून चार फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठे करून बघा. ‘घरी जाऊन चालू करा’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

‘मॅडम, नवीनच घ्या ना!’

माझ्या एका झूम लेन्सचा ऑटोफोकस एका सकाळी थांबला. नुसता घर्र घर्र आवाज. अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठलं. (कुठल्या कंपनीचं ते जाऊ दे.) एसी, टोकन नंबर, टाय लावलेला मुलगा, सगळं झकास. आठ दिवसांनी एस्टिमेट आलं. नव्या लेन्सच्या निम्म्याहून जास्त!

‘नक्की बिघडलंय काय?’
‘मॅडम, असेम्ब्ली बदलावी लागेल.’
‘हो, पण त्यातलं काय गेलंय?’
‘मॅडम, असेम्ब्लीच येते.’ आणि मग आवाज खाली आणून, आपलेपणाने, ‘एवढे घालवण्यापेक्षा थोडे टाकून नवीनच घ्या ना.’

त्या मुलावर रागावण्यात अर्थ नाही. हल्लीच्या लेन्समध्ये मोटर, सर्किट आणि कागदासारख्या पातळ रिबन केबल्स एकमेकांत अशा गुंतलेल्या असतात, की कंपनी सुटा भाग पाठवतच नाही, आख्खा गठ्ठा पाठवते. त्याच्या टेबलावर सोल्डरिंगची कामं होतच नाहीत. जुना गठ्ठा काढायचा, नवा लावायचा, मशीनवर ॲडजस्ट करायचा. सुटे भाग कुणाला द्यायचे हेही कंपनीच ठरवते. अमेरिकेत निकॉनने २०१२ मध्ये बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना भाग विकणं बंद केलं आणि २०२० मध्ये त्यांनीच मान्यता दिलेल्या स्वतंत्र दुकानांचा कार्यक्रमही गुंडाळला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही आलं. पण पोर्टलवरून काही रिबन केबल मिळत नाही.

कंपन्या नेहमीच व्हिलन असतात असंही नाही हं. २०१२ मध्ये आलेल्या निकॉन डी६००च्या सेन्सरवर ठिपके जमायचे. लोकांनी भरपूर ओरडा केला आणि २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्यांचेही कॅमेरे फुकट तपासून, गरज असेल तिथे शटर बदलून द्यायचं जाहीर केलं. म्हणून पैसे मोजण्याआधी आपल्या मॉडेलसाठी अशी एखादी सूचना निघालीय का, हे कंपनीच्या साइटवर जरूर बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि ती पाच मिनिटं कधीकधी पाच आकडी ठरतात.

तुमच्या फोटोत दिसणारे ठिपके सेन्सरवरचे आहेत का, हे घरी कळतं. ॲपर्चर एफ १६ वर आणा आणि मोकळ्या आकाशाचा नाही तर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. प्रत्येक फोटोत त्याच जागी काळपट टिंब दिसलं, तर ती सेन्सरची धूळ. आधी रबरी ब्लोअर वापरून बघा. तोंडाने फुंकर नको, थुंकीचा एक तुषार पुरे होतो. तेवढ्याने गेली नाही तर खास स्वॉब मिळतात. आपण पुसतो ती सेन्सरवरची काच असते, खुद्द सेन्सर नव्हे, पण हात थरथरत असेल तर हे काम सरळ दुसऱ्याला द्या.

बोरा बाजार आणि भिंगवाले काका

ती घर्रघर्रणारी लेन्स घेऊन मी गेले ती बोरा बाजारात. सीएसएमटीसमोरून फोर्टमध्ये शिरलात की ही कॅमेऱ्यांची गल्ली. नवे, जुने, हाताळलेले, ट्रायपॉड, फ्लॅश, बॅगा, सगळं काही. (नवीन घेणार असाल तर बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड मागा. ‘इंटरनॅशनल वॉरंटी’ म्हणताना दुकानदाराची नजर कुठे जाते तेही बघा.) या शहराचं कॅमेऱ्याचं वेड तसं जुनंच. सर्वांत मोठ्या कॅमेरा संग्रहाचा गिनेस विक्रम २००३ मध्ये मुंबईच्याच दिलीश पारेख यांच्या नावावर होता. ४,४२५ कॅमेरे! त्यांच्याकडे पावसाळ्यात सिलिका जेल किती लागत असेल, हा विचार मला अधूनमधून छळतो.

तिथल्याच एका दुकानदाराने एका काकांचा पत्ता दिला. पाटी नाही, वेबसाइट नाही. अरुंद जिना, वर एक टेबल, एक दिवा, आणि डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलेले काका. टेबलावर दुतर्फा चिकटपट्टी, तिच्यावर काढलेले स्क्रू काढले त्याच क्रमाने चिकटवलेले. ‘कुठला कुठला होता हे लक्षात ठेवायचं वय गेलं आता,’ काका म्हणाले. त्यांनीच मला सांगितलं की जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूची खाच वेगळी असते, जेआयएस मापाची. आपला घरचा फुली पेचकस लावला की तो निसटतो आणि स्क्रूचं डोकं गुळगुळीत करून ठेवतो. ‘घरी कुणीतरी उघडून बघितलाय, हे मला कॅमेरा हातात घेतल्या घेतल्या कळतं,’ असं म्हणून त्यांनी माझ्याकडे भिंगातून पाहिलं. मी लेन्सला हात लावला नव्हता, त्यामुळे निर्धास्त होते.

लेन्समधली एक रिबन केबल तुटली होती. काकांच्या ड्रॉवरमध्ये दुसऱ्या एका मेलेल्या लेन्समधली केबल होती. काम झालं. पुढच्या शनिवारी मी त्यांच्याकडे बाबांचा कॅमेरा घेऊन गेले.

बाबांचा कॅमेरा म्हणजे यशिका इलेक्ट्रो ३५. आखातातून येणाऱ्या मामा-काकांच्या बॅगेतून आपल्याकडे बरेच जपानी कॅमेरे आले, त्यातलाच हा. १९६६ मध्ये ही मालिका आली. आमचा जीएसएन, म्हणजे १९७३ नंतरचा. एफ १.७ची झकास लेन्स, ॲपर्चर आपण निवडायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवणार. वर दोन दिवे. नारिंगी लागला तर उजेड कमी, लाल लागला तर जास्त. बॅटरी मेली की हा पठ्ठ्या एकाच वेगाने, १/५०० सेकंदाने फोटो काढत राहतो. त्यामुळे कॅमेरा ‘चालतोय’ असं वाटतं आणि फोटो मात्र काळे येतात.

काकांनी कॅमेरा हातात घेतला. मला वाटलं आता मागचं झाकण उघडतील. त्यांनी ते केलं नाही. रोल गुंडाळायची छोटी कडी उलगडून हलकेच फिरवली. थांबली.

‘आत रोल आहे गं.’
‘कसं शक्य आहे? वीस-पंचवीस वर्षं कुणी हात लावला नाही त्याला.’
‘म्हणूनच आहे. काउंटर बघ, बावीसवर आहे.’

ही युक्ती लक्षात ठेवा. घरात जुना कॅमेरा सापडला की आधी ती कडी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. ताण लागला तर आत फिल्म आहे, झाकण उघडायचं नाही. उघडलं की पंचवीस वर्षं अंधारात राहिलेलं सगळं एका सेकंदात उजेडाला! काकांनी रोल अगदी सावकाश मागे गुंडाळला. जुनी फिल्म ठिसूळ झालेली असते, झटका दिला तर तुटते. शेवटी ताण सुटल्याचा बारीकसा आवाज आला तेव्हाच त्यांनी झाकण उघडलं आणि ती डबी माझ्या हातात ठेवली. मी जिन्यातूनच बाबांना फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, ‘अगं, तो आईचा गणपतीतला रोल असेल. मला वाटलं होतं तो धुवायला दिला तेव्हाच हरवला.’

त्या गणपतीनंतर आजी पुढचा गणपती पाहायला राहिली नाही.

कॅमेऱ्याचं काम पंधरा दिवस चाललं. झाकणाच्या खाचेत बसवलेला फोम डांबरासारखा चिकट झाला होता, तो खरवडून नवा घातला. पुढच्या भिंगावर फंगस होती, पण कोवळी, पुसून निघाली. मूळ मर्क्युरीची ५.६ व्होल्टची बॅटरी आता मिळत नाही. त्या जागी ६ व्होल्टची साधी बॅटरी एका स्प्रिंगच्या जोडाने बसवली, इलेक्ट्रोला तेवढा फरक चालतो. आणि मुख्य रोग होता तो आत, एका इवल्याशा रबराच्या तुकड्यात. इलेक्ट्रोवाले जगभर त्याला ‘पॅड ऑफ डेथ’ म्हणतात! वयानुसार हे रबर विरघळतं आणि शटर बिथरतं. पॅड शाबूत आहे की नाही ते कानाने कळतं. रोल पुढे सरकवायची तरफ ओढली की आतून एक ‘क्लंक’ ऐकू आला पाहिजे. काकांनी तरफ ओढली, कॅमेरा माझ्या कानाशी धरला. क्लंक! बिल अठराशे रुपये. एवढ्या पैशांत नव्या कॅमेऱ्याची बॅगसुद्धा धड येत नाही.

आजीला दात आले!

रोल धुवायला टाकला. कलर निगेटिव्ह धुणाऱ्या लॅब मोजक्याच उरल्यात, पण मुंबईत आहेत. त्यांनी आधीच सांगितलं, फार आशा ठेवू नका. इतकी वर्षं उकाड्यात पडलेली फिल्म आपोआप धुरकटते, रंगांचे थर एकसारखे म्हातारे होत नाहीत. बावीसपैकी नऊ फ्रेम ओळखू येण्याजोग्या निघाल्या. त्यातल्या एकीत आजी. ओट्याशी पाट टाकून बसलीय, समोर मोदकांची चाळण, मान किंचित वर, कुणाशी तरी बोलता बोलता हसतेय. सगळं जांभळट, रवाळ, चेहरा थोडा हललेला.

मी फोटो स्कॅन करून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात आतेभावाने तो कुठल्याशा एआय ॲपमधून काढून परत टाकला. काय सांगू! रंग चकाचक, साडीचे काठ कोरीव, चेहरा काल काढल्यासारखा लख्ख. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. मग बाबांचा एकच मेसेज आला. ‘ही कोण?’

मोठा करून पाहिलं. आजीचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि आत दोन्ही ओळी पांढऱ्याशुभ्र दातांच्या होत्या. माझ्या आठवणीतल्या आजीला पुढचे दात नव्हतेच! कवळी तिने एका लग्नापुरती लावली आणि पुन्हा डबीत ठेवली. नाक सरळ झालं होतं, डोळ्याखालची सुरकुती गायब. बाई छान होती, पण आमची नव्हती.

हे असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. चेहरा ‘सुधारणारी’ अशी बरीच मॉडेल्स हजारो चेहऱ्यांवर शिकलेली असतात. त्यातला एक प्रसिद्ध संग्रह एफएफएचक्यू नावाचा, एनव्हिडियाच्या संशोधकांनी फ्लिकरवरून जमवलेला, ७०,००० चेहऱ्यांचा. धूसर चेहरा दिला की मॉडेल विचार करतं, अशा धूसर डागाच्या जागी सहसा काय असतं? सहसा दात असतात. मग ते दात काढून देतं. हरवलेला तपशील त्याला सापडत नाही, ते शेजारच्या कुणाचा तरी आणून बसवतं. सर्व्हिस सेंटरच्या असेम्ब्लीसारखंच की हे! जुना गठ्ठा काढा, नवा लावा.

मी काय केलं? डार्कटेबल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात २०२० पासून ‘नेगाडॉक्टर’ नावाचं एक मॉड्यूल आहे, खास निगेटिव्हसाठी. फिल्मच्या रिकाम्या कडेचा रंग त्याला दाखवायचा, म्हणजे किती धूसरपणा मुळातला आणि किती चित्राचा, हे त्याला कळतं. मग लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग एकेक करून हळूहळू जागेवर आणायचे. दोन रविवार गेले. रवाळपणा राहिला, चेहरा हललेला तो हललेलाच राहिला. पण साडी हिरवी निघाली. बाबा म्हणाले, ‘हो, हिरवीच होती.’ तो प्रिंट आता त्यांच्या टेबलावर आहे. एआयवाला फोटो आतेभावाच्या स्टेटसवर दोन दिवस होता.

एआयशी माझं वैर नाही, बरं का. नॉइज कमी करणं, ओरखडे भरणं यात ही टूल्स कमाल करतात आणि मीही ती वापरते. निसर्गदृश्यात ढगाची एक कड त्याने मनाने काढली तर माझं काही बिघडत नाही. माणसाच्या चेहऱ्यावर मात्र ती चालवण्याआधी मूळ स्कॅन वेगळा जपून ठेवा, आणि ‘फेस’ असं लिहिलेलं बटण असेल तर ते बंद करा.

किल्ली कुणाकडे?

आता थोडं आपल्या लाडक्या सॉफ्टवेअरबद्दल. पिकासा आठवतं? आमच्या पिढीने ‘आय ॲम फीलिंग लकी’ बटण दाबून कॉलेजचे सगळे फोटो सुधारले. गुगलने २०१६ मध्ये ते बंद केलं. ॲपलचं ॲपर्चर २०१५ मध्ये विक्रीतून गेलं. ॲडोबीने २०१३ मध्ये फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या भाड्यानेच द्यायचं ठरवलं आणि एकदाच पैसे भरून घेता येणाऱ्या शेवटच्या लाइटरूमचे, म्हणजे सहाव्या आवृत्तीचे अपडेट २०१७ मध्ये थांबले. भाडं परवडत असेल तर जरूर भरा, सॉफ्टवेअर उत्तमच आहे. पण तुमची रेटिंग्ज, अल्बम, केलेले बदल हे सगळं त्यांच्या कॅटलॉगमध्ये बसलेलं असतं, हे ध्यानात ठेवा. वर्षाला एकदा चांगल्या फोटोंची जेपेग किंवा टिफ प्रत साध्या फोल्डरमध्ये काढून ठेवायला फार वेळ लागत नाही.

रॉ फाइलची तर आणखी गंमत. प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी. २००५ मध्ये निकॉनच्या डी२एक्सच्या रॉ फाइलमधली व्हाइट बॅलन्सची माहिती सांकेतिक करून ठेवलेली आढळली, आणि फोटोशॉपचे एक जनक थॉमस नोल यांनी त्यावर जाहीर तक्रार केली. म्हणजे फोटो आपला, पण त्याचे रंग वाचायची किल्ली कंपनीच्या खिशात! ते कुलूप उघडणाऱ्यांत डेव्ह कॉफिन नावाचा एक प्रोग्रामर होता. १९९७ पासून हा माणूस ‘डीसीरॉ’ नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहीत बसला, आणि नवनव्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल्स एकेक करून उकलत गेला. पुढच्या कितीतरी सॉफ्टवेअरने त्याचंच काम पायाशी घेतलं. एका टेबलाशी बसून दुसऱ्यांचे बंद डबे उघडणारा माणूस... मला यात बोरा बाजारचे काका दिसले तर नवल नाही.

कार्ड कोरं झालं तर? आमच्या टीममधल्या एकाने लडाखहून येताना विमानात कार्ड फॉरमॅट केलं. पांढराफटक होऊन ऑफिसात आला. अशा वेळी पहिलं काम म्हणजे ते कार्ड कॅमेऱ्यातून काढणं, त्यावर पुढचा एकही फोटो न काढणं. कॅमेऱ्यात साधं फॉरमॅट केलं की बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं तशीच असतात. त्यावर नवं काही लिहिलं की मात्र गेली. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रामरचं ‘फोटोरेक’ फुकट मिळतं. दिसायला अगदी काळ्या पडद्याचं, पण कार्डावरचा एकेक बाइट वाचून फोटो हुडकतं. नावं आणि तारखा विसरा, फोटो मिळतात. पँगाँग लेक परत आलं, त्याने आख्ख्या टीमला मिसळ खाऊ घातली.

परवा काकांकडे गेले होते, इलेक्ट्रोने काढलेला पहिला रोल दाखवायला. त्यांनी प्रत्येक फोटो भिंगाखाली धरून पाहिला. फोटो कसा आलाय याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं, ते कडा शार्प आहेत का ते बघत होते. मग खालचा ड्रॉवर ओढून दाखवला. कधीकाळी त्यात मेलेल्या इलेक्ट्रोंची रास होती, आता तीन उरलेत. एकाचं शटर, एकाचा मीटर, एकाचं नुसतं वरचं झाकण कामाचं. ते संपले की काय, असं मी विचारलं. काका म्हणाले, ‘मग कुणाचा तरी बंद पडलेला शोधायचा.’ शिकायला कुणी येतं का, या प्रश्नावर त्यांनी शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे हात केला. मध्यंतरी एक मुलगा यायचा, आता तो मोबाइलचे स्क्रीन बदलतो.

तेव्हा माळ्यावर एखादा बंद यशिका, पेंटॅक्स, निकॉन, कॅनन पडला असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तो किलोच्या भावाने देऊ नका. आधी ती कडी फिरवून आत रोल आहे का बघा. मग तो घेऊन एखादा जिना चढा. दुरुस्त होण्यासारखा असेल तर होईल. नसेल तर त्याचे स्क्रू, भिंगं, स्प्रिंगा कुणाच्या तरी बाबांच्या कॅमेऱ्यात लागतील. काका शनिवारी दोनपर्यंत असतात. जेवणाचा डबा उघडला की मात्र कॅमेरा उघडत नाहीत.